मैदान मोकळं आहे

“म्हणजे उद्या पुढं मीच चालायचं, न्हवं उस्ताद?”

रोहिदास पिसाळने सुरुंग शोधायचं यंत्र खांद्याला टेकवलं. उद्या तुकडी सरहद्दीवरच्या, खरे सुरुंग पेरलेल्या शेतांत जाणार होती. सगळ्यांत पुढे चालायचा मान त्याला हवा होता. त्यासाठी तो कधीपासून जीव टाकत होता.

उस्ताद सुभेदार धुमाळ सरावाच्या मैदानाकडे बघत म्हणाले, “शोधलंस सगळं?”

“कोपरा न् कोपरा. मैदान मोकळं हाय.”

“मैदान मोकळं, का यंत्र गप?”

“एकच की वो!”

उस्तादांनी पाण्याची बाटली उघडली. कोरड्या वाळूत एका जागी निवांत ओतली, रोपाला पाणी घालावं तशी. पाणी मुरू दिलं...

“आता फिरव.”

यंत्र केकाटलं. खाली सरावाचा प्लॅस्टिकचा सुरुंग होता. यंत्र जमिनीत लहरी सोडतं, पण कोरडी वाळू आणि प्लॅस्टिक त्याला सारखंच. वाळू भिजली आणि चोर उघडा पडला.

पिसाळ ओशाळला, पण क्षणभरच. हुशार गडी तो! “कळलं! ओल पायजे!” म्हणत टाकीकडे पळाला. मैदानाच्या काळ्या मातीच्या बाजूला त्याने बादल्यांवर बादल्या ओतल्या. मातीचा नुसता राडा झाला. त्यावरून यंत्र फिरवलं. हूं की चूं नाही.

“हितं तर काय बी न्हाई, उस्ताद. लावा पैज!”

उस्तादांनी बाही सारली, चिखलात हात घातला आणि रताळं उपटावं तसा दुसरा सुरुंग बाहेर काढला. काळ्या चिखलाने लहरी वाटेतच गिळल्या होत्या.

उस्ताद पोट धरून हसले. पिसाळलाही हसू आवरेना, पण आत कुठेतरी तुटलं. उद्याचा मान गेलाच म्हणायचा.

“अन् त्यो कुंपणाजवळचा तुकडा?” उस्तादांनी विचारलं. “तिथं यंत्र काय म्हणालं?”

“गप होतं.”

“मग? मोकळा हाय?”

पिसाळ तिकडे गेला. उकिडवा बसला. माती चिमटीत घेऊन चोळली. वर कोरडी, खाली ओलसर...

त्याने यंत्र बाजूला ठेवलं.

“मला ठावं न्हाई, उस्ताद.”

उस्तादांनी जवळ येऊन त्याच्या पाठीवर चिखलाचा हात थापटला.

“उद्या पुढं तूच चाल. तुझ्या पावलावर मी पाऊल टाकीन.”