ओढ्याच्या वळणावरची मऊ माती

एका जंगलात, ओढ्याच्या काठी, उंदरांची शाळा भरत असे आणि एक म्हातारे कासव तिथे इतिहास शिकवीत असे. कोणत्या पिढीत दुष्काळ पडला, कोणत्या पिढीत पूर आला, सगळे गुरुजींना तोंडपाठ होते. त्यातले बरेचसे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले होते. पण मुलांनो, डोळ्यांनी पाहिलेले सांगतानाही हे गुरुजी नुसते आकडेच सांगत. एखाद्या पिल्लाने विचारलेच, ‘‘असं का झालं, गुरुजी?’’ तर म्हणत, ‘‘ते परीक्षेत येत नाही. पुढचं पाठ कर.’’ मग पिल्ले चालीवर घोकत आणि घोकता घोकता पेंगत.

त्या शाळेत एका उंदरिणीची लेक नेहमी पहिली येई. पण शाळा संपली तरी तिला स्वतःपुरते बीळ काही खणता येईना. हिवाळाभर ती गवताखाली निजली आणि एका सकाळी मुंगसाने तिची अर्धी शेपटी तोडून नेली. उंदरीण तडक शाळेत गेली. ‘‘गुरुजी, हिला पणजोबांच्या पणजोबांचं सगळं येतं, पण लपायला एक भोक पाडता येत नाही! काय चाटायचंय त्या इतिहासाला?’’ तिचे चुकले असे मला तरी म्हणवत नाही. पोटची पोर थोडक्यात वाचली होती.

इतर पालकांनीही तिचीच री ओढली. गुरुजी एवढेच म्हणाले, ‘‘निदान पुराचं तेवढं राहू द्या.’’ त्यावर उंदरीण म्हणाली, ‘‘आमच्या जन्मात या ओढ्याचं पाणी काठावर आलेलं आम्ही पाहिलं नाही. तुम्ही आता आराम करा.’’ गुरुजींच्या मनाला ते फार लागले. नीट समजावून सांगायचे सोडून ते रुसून लांबच्या तळ्याकडे निघाले. कासवाच्याच चालीने निघाले होते, तरी त्यांना कोणी थांबवले नाही.

त्यांच्या जागी घूसबाई आल्या. बाईंचे शिकवणे फार छान, हे कबूल करायलाच हवे. बीळ कसे खणावे, धान्याची कोठी कुठे ठेवावी, मागचे दार कसे लपवावे, सगळे त्या पिल्लांकडून करवून घेत. मागच्या दाराने किती उंदीर सापाच्या तावडीतून सुटले! उंदरिणीची लेकही पुन्हा शाळेत बसली आणि सगळ्यांत हुशार खणणारी झाली. ‘‘जागा निवडताना मऊ माती बघा,’’ घूसबाई सांगत, ‘‘पंजे झिजत नाहीत.’’ सगळ्यांत मऊ माती होती ओढ्याच्या वळणावर. लेकीने तिथेच सुरेख बीळ खणले आणि त्यात तिला चार पिल्ले झाली. माती तिथे इतकी मऊ का, हे विचारायचा तास आता शाळेत नव्हता.

भाद्रपदात वरच्या डोंगरात आठ दिवस पाऊस कोसळला आणि एका दुपारी ओढा काठ सोडून वळणावर शिरला. लेकीने एक पिल्लू तोंडात धरून वर नेले, मग दुसरे, मग तिसरे. चौथ्यासाठी वळली तेव्हा बिळाचे तोंड पाण्याखाली गेले होते.

पूर आल्याचे ऐकून कासवगुरुजी आले. उंदरीण त्यांच्यापुढे रडू लागली. ‘‘गुरुजी, तुम्हाला हे माहीत होतं?’’

‘‘होतं,’’ गुरुजी म्हणाले. ‘‘तुझ्या लेकीलाही माहीत होतं.’’

लेकीने मान वर केली. जुन्या सवयीने ती चालीवर म्हणू लागली, ‘‘नऊ पिढ्यांपूर्वी, भाद्रपद महिन्यात, ओढ्याच्या वळणावर, एकशे बारा बिळे...’’ आणि ती मध्येच थांबली. मग म्हणाली, ‘‘मला हे पाठ होतं, आई. मला यात शंभरपैकी शंभर होते.’’

घूसबाई मान खाली घालून उभ्या होत्या. ‘‘ती माती पुरानंच आणून टाकलेली,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘मी इतकी वर्षं माती उकरते, मला कळायला हवं होतं.’’

गुरुजी कळवळून म्हणाले, ‘‘एक दिवस, फक्त एक दिवस मी वर्ग त्या वळणावर नेला असता, तर! आणि त्या दिवशी रागानं निघून गेलो नसतो, तर!’’ उंदरिणीला स्वतःचेच शब्द आठवत होते.

पुढे शाळा सुधारली. गुरुजी सकाळी पिल्लांना घेऊन रानभर हिंडू लागले. कुठे काय घडले आणि का घडले, ते त्या त्या जागी उभे राहून सांगू लागले. दुपारी घूसबाई उंचावर बिळे खणायला शिकवू लागल्या. लेकीची तिन्ही पिल्ले त्याच शाळेत गेली. चौथ्याचे नाव मात्र पटावर कधीच चढले नाही.

तात्पर्य : मुलांच्या हाताला काम शिकवावे आणि मागे काय घडले तेही समजावून सांगावे, कारण जे नुसते घोकले जाते ते ऐन वेळी आठवत नाही, आणि जे शिकवलेच जात नाही त्याची किंमत पुढची पिढी मोजते.