गरीब गाय

"गाय कधी शिंग उगारते का, बुवा?"

पायरीवर टेकण्याआधीच मास्तरांनी विचारलं. टेकडी चढून आल्यानं त्यांना दम लागला होता, पण दमापेक्षा धास्ती मोठी होती.

नरहरबुवा गोठ्यापुढं पेंढा पसरत होते. टेकडीवरच्या मठात ते, एक गाय आणि येतील ती माणसं, एवढाच त्यांचा संसार. दहिफळे मास्तर त्यांचे जुने शिष्य. गळ्यात माळ होती, पण मास्तर मिरवायचे ते जिभेवरच्या म्हणी. गावात भांडण पेटलं की मास्तर एक म्हण टाकत आणि भांडण मिटे. निदान मास्तरांना तसं वाटे.

"कुणाची गाय?" बुवांनी विचारलं.

"माझी वत्सला हो! सहा वर्षं नांदली, तोंडातून चकार शब्द नाही. आणि परवा नवऱ्यावर मुसळ उगारलं म्हणे. पोरीला कडेवर घेऊन सरळ माहेरी आली. उद्या जावई न्यायला येताहेत. भावकी बरोबर घेऊन येताहेत, बुवा."

"ती काय म्हणते?"

"काहीच नाही. गाय आहे ती. गरीब गाय! लग्न ठरवताना मी याच शब्दांत सांगितलं होतं त्यांना. उद्या त्यांनी अंगणात उभं राहून विचारलं, हीच का तुमची गाय, तर मी कुठं तोंड लपवू?" मास्तरांनी उपरण्यानं मान पुसली. "तुम्ही तिला दोन शब्द सांगा. मूळचा स्वभाव असा बदलत नसतो. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी..."

"घालून पाहिलंय?"

"काय?"

"शेपूट."

मास्तर गडबडले. "मी नाही. जुन्या लोकांनी पाहिलं असेल."

"हं..." बुवा पेंढा पसरतच राहिले. "कसायाला गाय धार्जिणी. हीसुद्धा शिकवायचात का शाळेत?"

जो जाच करतो त्याच्यापुढंच गरीब जास्त नमतो, असा त्या म्हणीचा अर्थ मास्तर दरवर्षी फळ्यावर लिहून देत. आज मात्र ती ऐकून ते उपरण्याचं टोक पिळू लागले.

"ऊन आलं," बुवा म्हणाले. "तेवढं वासरू उचलून सावलीत ठेवा."

गोठ्यातली तांबू साऱ्या पंचक्रोशीची लाडकी. पोरंटोरं तिच्या शिंगांना लोंबकळत, तरी ती रवंथ सोडत नसे. नुकतीच व्याली होती. मास्तरांनी आजवर कितीदा तरी तिच्या गळ्याखाली खाजवलं होतं. ते बिनधास्त पुढं गेले, वाकले आणि वासराच्या पोटाखाली हात घातला.

वासरू ओरडलं.

पुढं काय झालं ते मास्तरांना धड कळलंच नाही. दाव्याला हिसडा बसला, बरगडीवर काहीतरी आदळलं, आणि मास्तर शेणात बसले होते. टोपी गव्हाणीत. तांबू वासराला पाठीशी घालून उभी होती, मान खाली, नाकपुड्या फुललेल्या. दावं आखूड होतं म्हणून निभावलं.

"मारकी आहे ही! बुवा, मारकी आहे!"

"याआधी कधी मारलं होतं तुम्हाला?"

"कधीच नाही!"

"मग आजच का?"

मास्तरांनी गव्हाणीतल्या टोपीकडं हात उचलला, आणि त्यांना एकदम आठवलं.

काल संध्याकाळी त्यांनी खुंटीवरची टोपी घ्यायला हात वर केला होता. नुसता हात. तर वत्सलेची चिमी दोन्ही हातांनी डोकं झाकून कोपऱ्यात दडून बसली. पोरखेळ समजून मास्तर हसले होते. वत्सला हसली नव्हती.

आता भावकीची, अंगणातल्या बोलण्याची भीती कुठल्या कुठं गेली, आणि तिच्या जागी दुसरी आली. ही फार मोठी होती.

"बुवा..." ते म्हणाले. "मी तिला बोचकं बांधून ठेवायला सांगून आलोय."

तांबू वासराला चाटू लागली होती.

मास्तर कसेबसे उठले. धोतराचं शेण झटकायचंही त्यांना भान नव्हतं. घरी पोचायला हवं होतं, आत्ताच्या आत्ता.

"नाही पाठवणार मी तिला. पण उद्या ते दारात येतील... जावयांना मी सांगू तरी काय?"

बुवांनी गव्हाणीतली टोपी काढली, झटकली आणि मास्तरांच्या हातात दिली.

"म्हणावं, आधी मठात जाऊन या. वासरू उचलायचं राहिलंय."