हुकूमराजा आणि पळालेला ओवा

एक होता राजा. त्याला सगळे हुकूमराजाच म्हणायचे. ऊठ म्हटलं की सेनापती उठायचा, बस म्हटलं की प्रधान बसायचा. ए मन्या, तू नको उठूस! तू पांघरुणात शीर बघू.

तर एकदा काय झालं, राजाची सात वर्षांची लेक कुमुद पोट धरून रडायला लागली. मुरडा हो, मुरडा! आतडं नुसतं पिळवटून बसलं. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. पोरीनं अन्नाचा कण घेतला नाही. तोंड एवढंएवढंसं झालं. राणीच्या डोळ्याचं पाणी खळेना.

मग राजा लेकीच्या पोटासमोर उभा राहिला नि गरजला, "आतड्या, माझा हुकूम आहे! सोड!"

आतडं ढिम्म! अगं, हाताला सांगितलं मूठ सोड, तर हात सोडतो. आतडं मात्र कुणाच्या बापाचं ऐकत नाही, बरं का! इथं तर सख्खा बापच सांगत होता.

मग आला पैलवान. त्यानं पोट दाबलं मात्र, आतडं घाबरून आणखीच आवळलं. पोर किंचाळली. राणी लाटणं घेऊन त्याच्या मागं धावली.

मग आला आचारी. "महाराज, ओव्याचा काढा देतो!" भलंथोरलं पातेलं चुलीवर चढवलं, त्यात पसाभर ओवा टाकला नि सकाळपासून दुपारपर्यंत रटारटा उकळला. अहाहा, काय तो घमघमाट! पहारेकऱ्यांना ढेकर आले. हत्तीचंसुद्धा पोट हलकं झालं. कुमुद काढा प्यायली आणि काही म्हणजे काही झालं नाही!

इतक्यात धावत आली धोंडाक्का. ओव्याचं शेत राखायची म्हातारी, तोंडानं भारी फटकळ. "मेल्या आचाऱ्या, वास वेशीपर्यंत आला रे! मग पोरीच्या पोटात गेलं काय, गरम पाणी? अरे, ओव्याच्या दाण्यात तेल असतं. तो वास म्हणजेच ते तेल, नि तेच औषध. झाकण नाही ठेवलंस, पळालं की वाफेवर बसून!"

मग तिनं ताजा ओवा तळहातावर चुरडला, तांब्यात टाकला, वर कढत पाणी ओतलं नि झाकण दाबून बसली. राजाला कुठला दम निघायला! "बघू तरी," म्हणून त्यानं झाकणाला हात घातला. धोंडाक्कानं फाडकन चापट मारली! राजाला! दरबार गार पडला. पण राजा मुकाट्यानं हात मागं घेऊन बसला.

मग पाणी कोमट झालं. कुमुदनं एक घोट घेतला, दुसरा घेतला, तिसरा घेतला. तेल घशातून उतरलं, पोटात शिरलं, आतड्यापाशी पोचलं. त्यानं ना हुकूम केला, ना दाबलं. नुसतं कुरवाळलं म्हणा ना. आणि आतड्यानं हळूहळू पीळ सोडला. सगळे कान टवकारून उभे होते.

टर्रर्र!

हसू नका गं! अख्खा दरबार नाचायला लागला. सेनापतीनं पागोटं उडवलं. प्रधानानं आचाऱ्याला मिठी मारली.

कुमुद उठून बसली नि म्हणाली, "आई, मला भूक लागलीय."

राणीनं तिला उराशी धरलं. आणि राजा, एवढा हुकूमराजा, सगळ्यांदेखत ढसाढसा रडला. मग त्यानं स्वतःच्या हातानं मऊ भात कालवला नि लेकीला घास घास भरवला.

तेव्हापासून त्या राज्यात सगळे पोटभर जेवले नि सुखानं राहिले. तुमचीही पोटं भरलीत ना? मग मिटा डोळे, पडा गप.