जांभळीखालच्या टपालपेट्या

झाडाझाडांवर सोसायट्या होत्या, त्या काळातली ही गोष्ट. ओढ्याकाठच्या जांभळीच्या बुंध्याशी सगळ्या रहिवाशांच्या टपालपेट्या होत्या. त्यांची झाकणं कुजली आणि पत्रं भिजू लागली. चिंगी खारीच्या लेकीचं बाळंतपण जवळ आलं होतं. लेकीचं पत्र आलं, पण शाई पसरल्यानं एक अक्षर लागेना.

चिंगीनं सभा बोलवायला लावली. धनेश म्हणाला, "नव्या पेट्या हिरव्याच हव्यात." घुबडीणबाई म्हणाल्या, "जुन्याच राहू द्या, माझ्या सासऱ्यांनी बसवल्यात." सरड्यानं दोघांनाही मान डोलावली. विषय पुढच्या सभेवर गेला, मग त्याच्याही पुढच्या.

"अहो, माझी पोर तिकडे एकटी आहे!" चिंगी रडकुंडीला आली.

अध्यक्ष साळिंदरराव खाकरले. "पत्रं येतात, म्हणून भिजतात. उद्यापासून टपालवाल्या पारव्याला इथे बंदी."

ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. आता पत्र येणारच नव्हतं, म्हणून चिंगी तशीच निघाली. ओढ्यापलीकडे पोचली, तेव्हा पिल्लांनी डोळेसुद्धा उघडले होते.

"आई, पत्र मिळालं नाही का गं?"

"मिळालं होतं, बाळा," चिंगी म्हणाली. "पण मधे सभा आली."