शिगेची मूठ

पूर्वी शतधनू राजा विशाखनगरीत राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका मीठविक्याच्या घरी जन्माला आला. नाव धवल. दरसाल बैलांवर मीठ लादून तो तांड्यासोबत डोंगरातल्या वस्तीवर जाई आणि मिठाच्या बदल्यात चारोळी घेई.

चारोळी घ्यायची ती शीग लावून, म्हणजे मापाच्या काठावर रास चढवून. मीठ द्यायचं मात्र हात फिरवून सपाट. असं का, हे धवलनेही कधी विचारलं नाही. रीतच होती ती!

त्या वर्षी कुटजा नावाची म्हातारी चारोळीची पाटी घेऊन आली. मिठासाठी तिला चार मापं द्यायची होती. तीन मापं झाली, चौथ्याला मूठभर कमी पडली. तिने पाटी झटकून पाहिली.

"डोळे गेले रे लेका माझे. कमीच वेचली."

धवलने आपल्या पोत्याकडे पाहिलं. कमी पडलेली मूठ तिथेच होती, तीन शिगांमधून गेलेली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, तू पुरती वेचलीस. मीच जास्त घेतली," असं म्हणून त्याने सगळी चारोळी पुन्हा सपाट मोजली. चार मापं भरून वर उरली.

तांड्याचा म्होरक्या भोगवान खवळला. "उद्या सगळेच सपाट मागतील! शीग घे, नाहीतर तांड्यात पाऊल टाकू नकोस."

धवल वस्तीतच राहिला. "एकेकीने विकू नका," तो बायकांना म्हणाला. "सगळ्यांची चारोळी एका कणगीत ओता. माप एकच, घेतानाही आणि देतानाही." बायकांनी ते मनावर घेतलं. भोगवान मात्र रागारागाने मिठासकट माघारी फिरला.

धवलचं मीठ घरोघर वाटलं, तरी चार महिन्यांत संपलं. मग सगळी वस्ती अळणी खाऊ लागली. मुलं ताट सरकवून उठत. ते पाहून धवलचा जीव तुटे.

"आजी, देऊन टाकूया का शीग?"

"गप रे! आता कुठे आम्ही मिळून एक कणगी भरलीय. तुझं बोलणं फार गोड, कालवणात घालता येत नाही एवढंच!"

तिकडे नगरात चारोळीवाचून मिठाईवाल्यांचं काम अडलं. वर्ष सरण्याआधीच भोगवान परत आला. त्याने मिठाचं माप भरलं. मग चारोळीच्या मापावरून स्वतःच हात फिरवला.

सगळे पांगल्यावर कुटजाने मूठभर चारोळी धवलच्या उपरण्यात ओतली.

"आजी, पुन्हा शीग?"

"शीग तुम्ही घेत होतात रे. ही मी देतेय."

धवलने दोन्ही हातांनी उपरणं धरलं. त्याचे डोळे भरून आले.

एवढं सांगून शास्ता, म्हणजे बुद्ध झालेले बोधिसत्त्व, जेवायला बसलेल्या श्रोत्यांकडे पाहून हसले. "तेव्हाची कुटजा म्हणजे आज आपल्याला वाढणारी ही उपासिका तारावती. भोगवान म्हणजे तिच्यामागे पाणी घेऊन उभा असलेला गृहस्थ कोट्ठक. आणि धवल मी होतो. त्या जन्मी मी समता शिकलो, तीही या आजीकडून."