धाकटा बांध

फार वर्षांमागची गोष्ट. खाडीच्या काठाला एक लहानसं ख्रिस्ती गाव होतं. त्या गावात नातालबाय नावाची एक विधवा आपल्या म्हाताऱ्या सासूबरोबर राहत होती.

गाव खाडीच्या पाण्यापेक्षा सखल होतं. मधे मातीचा लांबलचक बांध होता, म्हणून गाव होतं. लोक त्याला थोरला बांध म्हणायचे. बांधाच्या आत भातशेती, शेतांच्या पलीकडे घरं, आणि घरांच्या मधोमध गावातली एकुलती एक गोड्या पाण्याची विहीर. थोरल्या बांधापासून निघालेला एक ओहोळ शेतांमधून थेट घरांपर्यंत जाई. त्या ओहोळाच्या कडेला, सगळ्यांत खोलगट जागी, नातालबायचं शेत होतं. ओहोळाचं पाणी शेतात शिरू नये म्हणून तिच्या नवऱ्याने वर्षानुवर्षं डोक्यावरून माती वाहून एक बांध घातला होता. तो धाकटा बांध.

नवरा उन्हाळ्यात तापाने गेला. त्याच्या आजारपणात बैलही विकावे लागले. पाऊस लागला आणि शेतं नांगरायची वेळ आली, तेव्हा नातालबाय शेजारच्या बस्त्यावकडे गेली. त्याच्याकडे बैलांच्या दोन जोड्या होत्या.

"भावोजी, दोन दिवस एक जोडी द्याल का?"

"वहिनी, माझंच उरकलेलं नाही," बस्त्याव म्हणाला आणि त्याने दार लोटून घेतलं.

त्या साली सासूने नांगर धरला आणि नातालबायने जू आपल्या खांद्यावर घेतलं. खांद्याची सालटं निघाली. तरी संध्याकाळी ताटावर बसलं की ती मान खाली घालून देवाचे आभार मानायची. सासू चिडायची. म्हणायची, "घरातला कर्ता गेला, बैल गेले. आभार कशाचे मानतेस गं?"

"तुम्ही आहात ना, आये. आणि शेत आहे," नातालबाय म्हणायची.

आणि शेत खरंच पिकलं. आश्विनात बघावं तर धाकट्या बांधाच्या आत सोनं पसरलेलं. येत्या रविवारी आगेऱ्याचा सण होता. त्या दिवशी नव्या भाताची पहिली पेंढी देवळातल्या वेदीपाशी, आल्तारापाशी ठेवून देवाचे आभार मानायचे आणि मग कापणीला लागायचं, अशी गावाची रीत होती.

पण शुक्रवारी वारा फिरला.

सकाळपासून पश्चिमेकडून असा सोसाट्याचा वारा सुटला, की माड जमिनीला टेकू लागले. त्यात पुनवेचं उधाण. दुपारी भरती चढायला लागली तसं खाडीचं पाणी थोरल्या बांधाच्या माथ्याशी येऊन लाटा मारू लागलं. गावातले बाप्ये पेंढा, दगड, माडाची खोडं, जे हाताला येईल ते घेऊन बांधाकडे धावले.

इतक्यात देवळाची घंटा घणघणली. थोरला बांध फुटला होता.

नातालबाय फावडं घेऊन शेताकडे पळाली. ओहोळ दुथडी भरून घरांच्या दिशेने धावत होता. गढूळ, फेसाळ, खारं पाणी. धाकट्या बांधाच्या काठाला ते चाटून चाललं होतं. तिने वरून मातीची ढेकळं टाकायला सुरुवात केली. पाणी बोटभर चढलं की ती वीतभर माती चढवी. तळहाताला फोड आले, फुटले, पण शेतात थेंब शिरला नाही.

मागे पावलं वाजली. पाच-सहा जण कुदळी घेऊन धावत येत होते. पुढचा ओरडला, "फोडा तो बांध! लवकर!"

"थांबा!" मागून पाटलांचा आवाज आला. म्हातारे पाटील चिखलाने माखले होते आणि धापा टाकत होते. "हा बांध हिच्या नवऱ्याने घातलाय. हिचा शब्द मिळेपर्यंत कुदळ लावायची नाही."

ते नातालबायजवळ आले.

"बाय, खिंडार बुजवतोय आम्ही, पण भरती उतरल्याशिवाय ते बुजणार नाही. तोवर पाणी कुठंतरी मावायला पाहिजे. तुझ्या शेताएवढी खोल जागा गावात दुसरी नाही."

"आणि माझं भात?"

पाटलांनी मान खाली घातली. "भात जाईल. आणि मीठ बसलं की दोन-तीन वर्षं जमीन काही द्यायची नाही. मी खोटं सांगणार नाही. पण विहिरीत खारं पाणी गेलं, तर गाव उठेल."

नातालबायने घरांकडे पाहिलं. ओहोळाचं तोंड पहिल्याच घराच्या अंगणाशी होतं. ते घर बस्त्यावचं. बस्त्याव त्या कुदळवाल्यांमध्येच उभा होता, सगळ्यांत मागे. त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती आणि घरात एकटीच होती. पण तो काही बोलला नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?

एवढ्यात सासू काठी टेकत आली. कुदळी दिसताच तिला सगळं कळलं. ती सरळ धाकट्या बांधावर जाऊन बसली.

"घाला कुदळ," ती म्हणाली, "पण आधी माझ्या अंगावर घाला. माझ्या पोराने रक्त आटवलंय इथं." मग तिची नजर बस्त्याववर गेली. "तू पण आलास होय? नांगरणीच्या वेळेला दार लोटलं होतंस ना? जा, आता पण लोटून बस. बघू पाणी थांबतंय का!"

कुदळवाले जागच्या जागी थांबले. पाणी मात्र थांबलं नव्हतं. बस्त्यावच्या अंगणातली कोंबड्यांची डालगी तरंगत गेली आणि घराच्या कुडाला आपटून उलटी झाली.

ते बघून नातालबायला क्षणभर बरं वाटलं. जाऊ दे त्याच्या घरात पाणी, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच तिला स्वतःचीच भीती वाटली. जूच्या दांडीने सोललेला खांदा कधीच भरून आला होता, पण आत काय साचलं होतं ते तिला आज दिसलं.

तिने डोळे मिटले. "प्रभू, हे पाणी तूच वळव. माझ्या हातून नको."

वारा तसाच घोंघावत राहिला. पाणी वळलं नाही. तिच्या मुठीत फावड्याचा दांडा होता, आणि आपण टाकतोय त्या प्रत्येक ढेकळाने पाणी घरांकडेच ढकललं जातंय, हे तिला स्वच्छ दिसत होतं. शेत दिलं म्हणून जो देव चांगला, तोच देव आज शेत मागतोय. मग रोज संध्याकाळी आपण आभार मानले ते देवाचे, की भाताचे?

ती सासूजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली.

"आये, उठा."

"खायचं काय आपण?"

"ठाऊक नाही."

"ठाऊक नाही म्हणते! आणि बांध फोडायला निघालीस?"

"आये, बस्त्यावभावोजींची आई घरात पडून आहे. तिला उठून पळता येत नाही."

 सासूने एकदा ओहोळाकडे पाहिलं, एकदा पिकाकडे. मग काठीवर भार देऊन ती उठली. "मला बघवायचं नाही," एवढंच ती म्हणाली आणि पाठ फिरवून चालू लागली.

नातालबायने जवळ उभ्या असलेल्या एकाच्या हातातली कुदळ घेतली आणि पहिला घाव घातला. माती घट्ट होती. दुसरा घाव, तिसरा. बस्त्याव कुदळ उगारून पुढे आला, तशी ती ओरडली, "तुम्ही इथं काय करताय? घरी पळा! आईला उचला आधी!"

तो पळत सुटला. बाकीच्यांनी कुदळी चालवल्या. बघता बघता मातीला भगदाड पडलं, आणि ओहोळाचं पाणी वळून धो धो शेतात कोसळलं. पिकलेलं भात आधी आडवं झालं, मग दिसेनासं झालं. नातालबाय तिथेच उभी राहून बघत होती. तिचा चेहरा पाण्याच्या शिंतोड्यांनी ओला होता की रडण्याने, हे कुणाला कळलं नाही.

बस्त्यावच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, पण त्याने आईला खांद्यावर घालून बाहेर काढलं होतं. पाणी पुढे सरकत विहिरीच्या कठड्यापर्यंत आलं आणि तिथे अडलं. मग हळूहळू ओहोटी लागली. दिवे लागायच्या आत पुरुषांनी खिंडार बुजवलं.

गाव वाचलं. नातालबायचं शेत मात्र काळं पडलं.

रविवारी आगेऱ्याला सासू घरातच राहिली. दोन दिवस ती सुनेशी बोलली नव्हती. नातालबाय एकटीच देवळात गेली. बाकीच्यांच्या हातात भाताच्या पेंढ्या होत्या. तिला मागच्या बाकावरून उठवेना. अखेर ती उठली, रिकाम्या हातांनी आल्तारापाशी गेली आणि हात जोडून उभी राहिली. आभाराचे शब्द तिला सुचले नाहीत, म्हणून ती नुसतीच उभी राहिली. 

संध्याकाळी दारात बस्त्याव आला. डोक्यावर गेल्या सालच्या भाताचं पोतं होतं. ते त्याने ओटीवर उतरवलं आणि तो तसाच उभा राहिला.

"फेड म्हणून आणलं असेल, तर परत न्या," नातालबाय म्हणाली.

"फेड नव्हे, वहिनी. ती माझ्याच्याने व्हायची नाही."  मग तो कसाबसा म्हणाला, "पाटलांनी गावची बैठक बसवली होती. तुमची जमीन गोडी होईपर्यंत प्रत्येक खळ्यातून तुमचा वाटा निघेल. पावसाळ्यात मीठ धुवायला आम्ही सगळे येऊ. मी रोज येईन. तुम्ही नको म्हटलंत तरी येईन."

 देणं नातालबायला जमलं होतं. घेणं जड जात होतं. शेवटी ती बाजूला सरली. म्हणाली, "पोतं आत ठेवा. आणि जेवायला बसा."

आतल्या अंधारातून काठीचा आवाज आला. सासू उंबऱ्याशी येऊन थांबली. बस्त्यावने मान वर केली नाही. आता म्हातारी काय बोलते, म्हणून नातालबाय दोघांच्या मधे सरकली.

सासूने त्याला नीट न्याहाळलं.

"तुझी आई जेवते का रे नीट?" तिने विचारलं.

"नाही, काकी. घाबरलीय फार. भिजल्यापासून अंगात कणकण आहे. आणि उद्यापासून आम्ही सगळे कापणीला."

"तिला एकटी ठेवू नका," सासू म्हणाली. "उद्या सकाळी मी येते. पेज मी भरवीन."

तात्पर्य: ओंजळ भरलेली असताना देवाचे आभार कुणीही मानतं, शेजाऱ्यासाठी ती ओंजळ रिकामी करणाऱ्याचे आभार देवापाशी आधी पोचतात.