बयजाची करवंटी

फार फार वर्षांपूर्वी, दूध विकायला दोन घाट उतरावे लागत तेव्हा, आमच्या वेळुंडीत बयजा नावाची गवळीण होती. साऱ्या गावाच्या धारा तीच काढायची. तिचा हात लागला की आटलेली गायसुद्धा पान्हा सोडायची, असं म्हणतात. दुधाचा हात धुतला तर लक्ष्मी वाहून जाते, ही गावाची पक्की समजूत. म्हणून बयजा एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात तशाच ओल्या हातानं जायची.

एका वर्षी दगडीची साथ आली. गायींची कास सुजून टणक व्हायची, सडातून पू यायचा. गावानं देवीला साकडं घातलं. बयजा मात्र गोठ्यामागून गोठे पाहत फिरली. ज्या क्रमानं ती धारा काढायची, त्याच क्रमानं गायी आजारी पडत होत्या. हे कळलं तेव्हा ती ढसाढसा रडली.

गावात अकराच गायी धड उरल्या होत्या. त्या गेल्या असत्या तर गाव उठलं असतं. बयजा डोळे पुसून म्हाताऱ्या गावकाराकडे गेली; गावचा प्रमुख तो, त्याच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे.

"दगडी माझ्या हातानं आली. आता घालवणारबी मीच."

"हात धुणार असशील तर माझ्या गोठ्यात पाऊल टाकू नको."

"टाकणार. आन् धुऊनच टाकणार."

तीन दिवस ती त्याच्या दारात उभी राहिली. चौथ्या दिवशी त्यानं गोठ्याची कडी काढली आणि मागोमाग साऱ्या गावानं.

कडुनिंबाचा पाला आणि हळद उकळून तिनं काढा केला. प्रत्येक गाईआधी हात धुवायचे आणि प्रत्येक गाईची काढ्याची करवंटी वेगळी. धार झाली की चारही सड काढ्यात बुडवायचे, पुढ्यात वैरण टाकायची आणि काढा सुकेपर्यंत गाईला बसू द्यायचं नाही, कारण धारेनंतर सडाचं तोंड उघडं असतं, बसली की घाण आत जाते. आजारी गायींची धार सर्वांत शेवटी. ती रोज देवळामागचा कडुनिंब ओरबाडायची आणि सकाळी तो पुन्हा हिरवागार व्हायचा, असं म्हणतात. चाळीस दिवस बयजा बसली नाही, असंही म्हणतात. अकराच्या अकरा गायी वाचल्या.

आता डॉक्टरांचं तपकिरी औषध असतं, प्लॅस्टिकच्या पेल्यात. आम्ही त्या पेल्याला करवंटीच म्हणतो. धारेनंतर सड बुडवले की औषध सुकेपर्यंत ना गाय बसते, ना धार काढणारं माणूस. पाटावर ताट वाढलेलं असो की दारात पाहुणे आलेले असोत. नव्या पाहुण्याला हे ठाऊक नसतं, तो आपला "बसा की" म्हणतो. त्याला गोठ्यातून एकच उत्तर मिळतं.

"बयजा उभी हाय."